आटलेल्या पाझर तलावात दगडांना चिकटलेलं हे काय आहे?

माणदेशी_वाट | ९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आठवडाभर गावी (माण तालुका) आलोय. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजोबांच्या पिढीने खडी फोडून बांधलेला पाझर तलाव यंदा ठणठणीत आटला आहे. काल पुतणीला घेऊन तळात उतरलो. बांधाच्या आतल्या अंगाला पिचिंगचे जे दगड आहेत, त्यांच्या सावलीकडच्या बाजूला राखाडी-पिवळट खपल्या चिकटलेल्या दिसल्या. काही तळहाताएवढ्या, काही ताटलीएवढ्या. वाळलेल्या पावासारखं जाळीदार अंग, बोटाने दाबलं की चुरा. आणि त्या चुऱ्यात शेकड्यांनी बारीक, गोल, पिवळसर दाणे. राजगिऱ्यापेक्षाही लहान.

आई म्हणते माशांची अंडी. शेजारचे तात्या म्हणतात वाळलेलं शेवाळ. मला बुरशी वाटली. चुरा हाताला लागल्यावर तासभर बोटं चुरचुरत होती.

पुतणीला शाळेतून तो घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, मिळाला आहे. त्याखाली चुरा धरला तर नुसत्या काचेच्या सुया! हजारो. दोन्ही टोकांना अणकुचीदार, किंचित वाकलेल्या. ती आता हटूनच बसली आहे की याचं नाव कळल्याशिवाय मी पुण्याला परत जायचं नाही. कुणाला काही अंदाज?

---

शाळाबाई | ९ मे, रात्री १०:५५

पुतणीला आधी शाबासकी सांगा. सुया बघितल्या तिथेच अर्धं काम झालं.

हा स्पंज आहे. गोड्या पाण्यातला. वनस्पती नाही, बुरशी नाही, प्राणी आहे. सुया म्हणजे त्याच्या शूकिका. गोड्या पाण्यातल्या स्पंजात त्या सिलिकाच्या, म्हणजे खरोखरच काचेच्या जातीच्या असतात आणि त्यांच्यावरच सगळं मऊ अंग तोललेलं असतं. तुमची बोटं त्यांनीच चुरचुरली. चुरा हाताळून डोळे चोळू नका, मुलीलाही सांगा. ब्राझीलमध्ये या सुया डोळ्यांत जाऊन झालेल्या इजांची नोंद आहे. (तिकडे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले कुंभार हाच स्पंज जाळून त्याची राख मातीत कालवत. सुयांमुळे भांडं चिवट होतं.)

दाणे म्हणजे जेम्यूल. पाणी आटायला लागलं, की स्पंज आपल्या काही पेशी अन्नाचा साठा देऊन एकत्र बांधतो आणि त्यांच्याभोवती टणक कवच करतो. बाकीचं अंग मरतं, दाणे उरतात. ते मेलेले नाहीत, वाट बघत आहेत. टाकून देऊ नका.

---

पावशेर | १० मे, सकाळी ७:१५

स्पंज समुद्रातच असतो अशी माझी पक्की समजूत होती. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात प्राणिजगतातला इतका जुना घराणेदार राहत असेल हे स्वप्नातही आलं नसतं. वाचतोय.

---

जुनी_मुंबई | १० मे, दुपारी १:०५

या धाग्यावर मला एका माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे. हेन्री जॉन कार्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला शल्यवैद्य, जन्म १८१३, मृत्यू १८९५.

१८४० च्या दशकात हा माणूस मुंबई बेटावरच्या तळ्यांत उतरून स्पंज गोळा करत होता. तेव्हा मुंबई तळ्यांची होती: गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव. आज नावं उरली, पाणी गेलं. कार्टरने या बेटावरच्या तळ्यांमधल्या स्पंजांच्या जाती, त्यांची रचना आणि त्यांचं 'प्राणीपण' यांवर निबंध लिहिला. प्राणीपण हा शब्द मुद्दाम शीर्षकात होता, कारण स्पंज प्राणी की वनस्पती हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. १८२५ च्या सुमाराला एडिंबरोत रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडताना पाहिली होती (तरुण डार्विन काही काळ त्यांच्या हाताखाली किनाऱ्यावर हिंडला). तरी शंका उरल्याच होत्या.

१८४९ मध्ये कार्टरने मुंबईच्या तळ्यांतून ज्या जाती जगापुढे मांडल्या, त्यांतली 'स्पाँजिला आल्बा' आजही त्याच नावाने ओळखली जाते. तळ्यातल्या दुसऱ्या एका स्पंजाला पुढे १८६३ मध्ये बॉवरबँक या इंग्लिश निसर्गअभ्यासकाने कार्टरचंच नाव दिलं. आज तो 'युनॅपियस कार्टेरी'. भारतभरच्या तळ्या-विहिरींत सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी तो एक. माणदेशीभाऊ, नुसत्या वर्णनावरून जात ठरवणं बरोबर नाही, पण दोन्हीकडे टोकदार गुळगुळीत सुया त्याच्याही असतात. एक सोपी खूण सांगतो: त्याच्या जेम्यूलच्या कवचात हवेचे बारीक कप्पे असतात, मधाच्या पोळ्यासारखे, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतात.

मुंबई विद्यापीठाच्या वाचनालयात बसून हे वाचत असताना मला सारखं वाटायचं, की ज्या शहरात ही नावं जन्मली तिथे कुणालाच याची खबर नाही. एखाद्या भरलेल्या तळ्याच्या जागी साधी पाटी तरी हवी होती.

---

माणदेशी_वाट | १० मे, रात्री ८:३०

दाणे तरंगतात! आत्ताच वाटीत टाकून पाहिले. एकूण एक वर.

शाळाबाई, पुतणीचा प्रश्न जसाच्या तसा देतो: "तोंड नाही, पोट नाही, डोकं नाही, जागचा हलत नाही, मग प्राणी कसा?" मला उत्तर देता आलं नाही.

---

शाळाबाई | ११ मे, सकाळी ६:५०

हा प्रश्न वर्गात विचारला जावा म्हणून मी वीस वर्षं वाट बघते. बहुतेक मुलं 'रंध्रीय प्राणिसंघ, उदाहरण स्पंज' पाठ करून पुढच्या संघाकडे जातात.

स्पंजाला मज्जासंस्था नाही, स्नायू नाहीत, आतडं नाही, हृदय नाही. अवयव म्हणावा असा एकही नाही. मग आहे काय? पाण्याचे मार्ग. अंगभर बारीक छिद्रं, त्यांतून आत जाणाऱ्या वाटा, वाटांच्या शेवटी लहान लहान गोल खोल्या, आणि तिथून सगळं पाणी एका मोठ्या तोंडाने बाहेर. पुस्तकात त्याला ऑस्क्युलम म्हणतात. आपण धुराडं म्हणू.

त्या खोल्यांच्या भिंतींवर कॉलर पेशी बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीला एक लांब चाबूक, त्याला कशाभिका म्हणतात. चाबकाभोवती अतिसूक्ष्म बोटांचं कडं, सदऱ्याच्या उभ्या कॉलरसारखं. चाबूक हलतो, पाणी ओढलं जातं, कॉलरच्या फटींत जिवाणू अडकतात आणि पेशी त्यांना गिळते. पचनही त्याच पेशीत, किंवा ती घास शेजारणीला देते. म्हणजे पोट एका जागी नाही. लाखो पेशींत एकेक पोट आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पाण्याचं गणित. बाहेरच्या वाटा अरुंद, पण सगळ्या खोल्यांची मिळून जागा प्रचंड. नदी धरणाच्या फुगवट्यात शिरली की जशी संथ होते, तसं पाणी तिथे जवळजवळ थांबतं आणि पेशींना घास टिपायला वेळ मिळतो. मग धुराड्यापाशी सगळं पाणी पुन्हा एका अरुंद तोंडात येतं आणि जोरात लांब फेकलं जातं, म्हणजे उष्टं पाणी परत आत यायला नको. किलोभर वजनाचा स्पंज दिवसभरात हजारो लिटर पाणी असं गाळू शकतो. हृदय नसलेल्या जिवाने हे जमवलं आहे.

बाहेरच्या कातडीसारख्या थराच्या आणि खोल्यांच्या मध्ये जेलीसारखा भाग असतो. त्यात अमीबासारख्या पेशी फिरत असतात. त्या अन्न पोचवतात, सुया घडवतात आणि गरज पडली तर दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या पेशीत बदलतात. तुमच्या दाण्यात याच पेशी झोपलेल्या आहेत.

आणि 'हलत नाही' हे पूर्ण खरं नाही. गोड्या पाण्यातल्या एफिडेशिया स्पंजावरचे प्रयोग आहेत: पाण्यात त्रासदायक कण सोडले की तो आधी फुगतो, मग आक्रसून ते बाहेर ढकलतो. शिंकच म्हणा ना. फक्त ती मिनिटांच्या हिशेबाने चालते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

दाणे नळाच्या पाण्यात ठेवू नका, क्लोरीन असतं. विहिरीचं पाणी घ्या, पसरट काचेच्या भांड्यात, थेट उन्हापासून दूर.

---

शिंपलेवाली | ११ मे, दुपारी ३:२०

देवगडच्या किनाऱ्यावर लहानपणापासून शिंपले गोळा करते. कित्येक शिंपल्यांना सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं असतात. माझ्या मामीचं म्हणणं, वाळूने झिजून पडतात. नंतर कळलं की हे क्लिओना नावाच्या स्पंजाचं काम. तो शिंपल्यात घर कोरतो. त्याच्या पेशी चुनखडीचा अगदी थोडा भाग विरघळवतात आणि बाकीचा कपच्या काढून बाहेर टाकतात. दात नाहीत, नखं नाहीत, आणि कालवाचं कवच पोखरतो! पुन्हा कधी किनाऱ्यावर गेलात तर असा शिंपला मोडून आतले बोगदे बघा.

---

आशुतोष_नागाव | ११ मे, सायं. ६:०२

वाचनखूण साठवली. विहिरीत पंप उतरवताना पाइपला असलंच काहीतरी हिरवट चिकटलेलं असायचं, आणि वास फार वाईट. तेही हेच का?

---

शाळाबाई | ११ मे, सायं. ६:४०

@आशुतोष, शक्यता आहे. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच स्पंजांना उग्र वास असतो, आणि उजेडातल्या स्पंजांत शैवाल राहतं म्हणून हिरवा रंग येतो. ओलाच तुकडा बोटांनी चुरून बघा. शेवाळ बुळबुळीत लागतं, स्पंज खरखरीत.

---

पहिली_पेशी | १२ मे, पहाटे ४:१०

परदेशात पेशीजीवशास्त्रात काम करतो, वेळ विचित्र आहे म्हणून क्षमस्व. धागा वाचून झोप उडाली.

शाळाबाईंनी ज्या कॉलर पेशीचं वर्णन केलं, नेमकी तशीच दिसणारी, पण एकेकटी जगणारी एक जीवजात आहे: कोॲनोफ्लॅजेलेट. तळ्यात, समुद्रात, सगळीकडे. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, म्हणून फोल्डस्कोपखाली ती हाती लागणं कठीण. तोच चाबूक, तीच कॉलर, तेच जिवाणू खाणं. १८६६ च्या सुमारास हेन्री जेम्स-क्लार्क या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने हे साम्य ओळखलं. पुढे जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं की आज जिवंत असलेल्या सगळ्या एकपेशीय जीवांत प्राण्यांचे सगळ्यात जवळचे नातलग हेच. स्पंजाचे आणि आपलेही.

यांतल्या काही जाती वसाहती करतात. सॅल्पिंगोईका रोझेटा नावाची जात एरवी एकेकटी राहते, पण एका विशिष्ट जिवाणूचा मेदासारखा रेणू पाण्यात आला की पेशी विभागून एकमेकींना धरून राहतात आणि फुलासारखा गोल गुच्छ तयार होतो. २०१२ मध्ये निकोल किंग यांच्या प्रयोगशाळेने तो रेणू ओळखला. 'एक'चे 'अनेक' होण्याची कळ जिवाणूच्या हातात असू शकते, हे वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही काम करू शकलो नव्हतो.

मात्र एक सावधगिरी. 'कोॲनोफ्लॅजेलेट एकत्र आले आणि स्पंज झाला' ही गोष्ट इतकी गोड आहे की ती घाईने खरी मानली गेली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका समुद्री स्पंजाच्या पेशींमध्ये कोणती जनुकं चालू असतात ते तपासलं गेलं. त्यात कॉलर पेशी कोॲनोफ्लॅजेलेटशी विशेष जुळल्या नाहीत. उलट जेलीत फिरणाऱ्या, कुठलंही रूप घेऊ शकणाऱ्या पेशी मूळ प्राणीपेशीचं चित्र म्हणून अधिक पटतात, असं त्या अभ्यासाचं म्हणणं. दिसण्यातलं साम्य खरं आहे, पण ते वारशाने आलेलं की दोघांनी स्वतंत्रपणे कमावलेलं, यावर अजून वाद आहे. त्यातच स्पंज ही प्राण्यांची सगळ्यात आधी फुटलेली शाखा, की कंकतधर (जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक समुद्री प्राणी) ही, हाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांची मांडणी पाहून कौल कंकतधरांच्या बाजूने आला. मला स्वतःला तो पुरावा बळकट वाटतो, पण माझ्याच विभागात न पटणारे आहेत.

---

पावशेर | १२ मे, सकाळी ९:३०

एक बाळबोध शंका. अमीबा, पॅरामेशियम, युग्लीना आणि हे कॉलरवाले, सगळे एकपेशीय, म्हणजे एकाच घरातले ना? मग प्राण्यांना फक्त एकच जवळचा कसा?

---

पहिली_पेशी | १२ मे, सायं. ७:४५

अजिबात बाळबोध नाही. या सगळ्यांसाठीचा 'प्रोटिस्टा' हा शब्द १८६६ मध्ये हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने काढला. प्रत्यक्षात ते घराणं नसून अडगळीची खोली आहे: जे प्राणी नाही, वनस्पती नाही, बुरशी नाही, पण पेशीत केंद्रक आहे, ते सगळं तिथे. खोली आवरायला घेतल्यावर विलक्षण सोयरिकी निघाल्या.

पॅरामेशियम आणि मलेरियाचा परजीवी एकाच मोठ्या घराण्यातले. युग्लीना आणि काळा आजाराचा परजीवी एका घराण्यातले, म्हणजे डबक्यातला हिरवा निरुपद्रवी पोहणारा आणि माणसाची प्लीहा सुजवणारा हे भाऊबंद. आणि पुस्तकातला तो अमीबा? तो पॅरामेशियमपेक्षा तुमच्या-माझ्या जवळचा आहे. पॅरामेशियम आणि अमीबा एकाच पानावर शेजारी छापलेले असतात म्हणून आपण त्यांना भाऊ समजतो.

---

शिंपलेवाली | १२ मे, रात्री ९:१०

मग आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री लाट फुटली की निळी पेटते, ती नॉक्टिलुका कुठल्या घरातली?

---

पहिली_पेशी | १३ मे, पहाटे ५:००

पॅरामेशियम आणि मलेरियाच्याच. एकच पेशी, पण जवळपास मिलिमीटरभर, म्हणजे डोळ्याला ठिपका दिसेल एवढी. लाटेने धक्का दिला की पेशीतले सूक्ष्म कण क्षणभर उजळतात.

---

जुनी_मुंबई | १३ मे, सकाळी १०:२०

अवांतर नाही म्हणून लिहितो: मुंबईभोवतीचा समुद्र मधूनच लाल होतो, त्याचं कारण एकपेशीय जीव आहेत असं १८५८ मध्ये लिहिणारा माणूस पुन्हा कार्टरच. तळ्यातल्या एकपेशीय जिवांवरही त्याने मुंबईत बसून निबंध लिहिले. आणि १८५७ मध्ये स्पंजातल्या त्या गोल खोल्यांचं वर्णनही केलं. त्याने स्पंज आणि एकपेशीय जीव वेगळे विषय म्हणून अभ्यासलेच नाहीत. एकाच भांड्यातलं पाणी, एकच भिंग.

---

शाळाबाई | १३ मे, दुपारी २:१५

जुनी_मुंबई यांचं शेवटचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे. त्याला जोड म्हणून एक: अमीबात आणि पॅरामेशियममध्ये संकोचशील रिक्तिका असते, पेशीत शिरलेलं जादा पाणी उपसून टाकणारी. गोड्या पाण्यातल्या स्पंजाच्या पेशींतही ती असते. प्राण्याच्या अंगात राहूनही प्रत्येक पेशी आपलं पाणी आपण उपसते, होडीतल्या माणसासारखी.

आणि एच. व्ही. विल्सन यांचा १९०७ चा प्रयोग. त्यांनी जिवंत समुद्री स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढला. खाली भांड्यात सुट्या पेशींचा गढूळ लगदा. पेशी तळाला बसल्या, अमीबासारख्या सरपटत एकमेकींना शोधू लागल्या, गोळे झाले, आणि काही दिवसांत त्यांतून पुन्हा चालता-बोलता स्पंज उभा राहिला. पुढे दोन जातींच्या पेशी मिसळूनही पाहिल्या गेल्या. त्या आपापल्या जातीच्या पेशी ओळखून वेगळ्या झाल्या. पुतणीला हे जरूर सांगा, पण स्वयंपाकघरातला पंचा वापरायला देऊ नका, त्याची वीण पुरणार नाही.

---

माणदेशी_वाट | २० मे, रात्री ९:०५

उशीर झाला, पण हात रिकामे नाहीत.

११ तारखेला विहिरीच्या पाण्यात दाणे सोडले. पाच दिवस काहीच नाही. पुतणी पहाटे उठून भिंग लावायची आणि हिरमुसून शाळेच्या सुट्टीचा अभ्यास करायची. तरंगणारे दाणे हळूहळू भांड्याच्या कडेला जाऊन चिकटले. १६ तारखेला त्यांतल्या आठ-दहा दाण्यांच्या एका बाजूला पांढुरकी साय आल्यासारखी दिसली. कवचाला एकच बारीक भोक असतं आणि पेशी त्यातून सरपटत बाहेर येतात, हे शाळाबाईंनी फोनवर सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, नाहीतर नासलं समजून फेकलं असतं. पुढे ती साय काचेवर पसरली, पारदर्शक, आणि तिच्यात बारीक रेघा चमकायला लागल्या. नव्या सुया!

काल त्यांतल्या एकावर काचेच्या नळीसारखं इवलं धुराडं उभं राहिलं. आज संध्याकाळी तलावातलीच चिमूटभर गाळमाती पाण्यात कालवून तिचा एक थेंब जवळ सोडला. भिंगातून बघत होतो. कण आधी सगळीकडून अंगाकडे सरकत गेले. मग धुराड्याच्या तोंडापाशी आले की एकदम वर उडायचे, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. पुतणीने आईला हाक मारली, आईने तात्यांना. चौघांनी आळीपाळीने बघितलं. आई बराच वेळ भिंगावरून डोळा काढेना. म्हणाली, "श्वास घेतंय गं."

त्याच पाण्यात फोल्डस्कोपखाली एक पॅरामेशियमही दिसलं, चपलेच्या तळव्यासारखं, गिरक्या घेत जाणारं. त्याचं चित्र तिने वहीत स्पंजाच्या शेजारी काढलंय आणि मध्ये मोठं प्रश्नचिन्ह.

भांड्यातला स्पंज पुण्याला नेणार नाही. उरलेले सगळे दाणे आज उन्हं कलल्यावर परत पिचिंगच्या फटींत, जिथून घेतले तिथेच, ठेवून आलो. पलीकडे डोंगरावर वळीव झालाय. तलावात अजून थेंब नाही.